निबंधाचे बक्षीस आणि मुक्ताचा प्रश्न



जयंती जवळ आली की वस्तीवस्तीत निबंधस्पर्धा भरतात. विषय ठरलेले : मानवी हक्क, सामाजिक न्याय, बाबासाहेबांचे कार्य. दोन वर्षांपूर्वी असे निबंध तपासण्याचे काम माझ्याकडे आले. बहुतेक एकाच पुस्तकातून उतरवलेले होते. एका मुलीने मात्र लिहिले होते की, गावी तिच्या आजीला अजून वरून पाणी ओततात, भांडे हाती देत नाहीत. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. मी गुण कापले. बक्षीस सुबक अक्षरातल्या नकलेला गेले. चूक माझी होती.

आता १८५५ सालाकडे चला. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत मुक्ता साळवे ही मातंग समाजातील मुलगी शिकत होती. वय चौदाच्या आसपास. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध त्या वर्षी ‘ज्ञानोदय’ मध्ये छापून आला. तिने पोथीतले काही उतरवले नाही. पेशवाईत आपल्या माणसांना इमारतींच्या पायात पुरत, तालीमखान्यावरून गेल्यास शिर उडवत, हे तिने मांडले. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसते, हेही तिने लिहिले. मग तिने सरळ विचारले : वेद आम्ही पाहायचेही नाहीत, तर आमचा धर्म कोणता? मेजर कँडींनी खाऊ दिला तेव्हा तिने वाचनालय मागितले, असे सांगतात.

तिच्या प्रश्नानंतर १०१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह त्याचे उत्तर दिले. आपण त्या उत्तराचे वारस आहोत.

म्हणून आईबापांनो, बक्षिसासाठी मुलाला दुसऱ्याकडून निबंध लिहून देऊ नका. आपण रोज पंचशील म्हणतो. न दिलेले घ्यायचे नाही, हे दुसरे शील. खोटे बोलायचे नाही, हे चौथे. दुसऱ्याचे लिखाण आपल्या नावावर दिले की दोन्ही मोडतात. शिवाय मुलाला वाटू लागते की आपले जगणे लिहिण्यासारखे नाही. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. ते कलम कुठे पोचले नाही, हे त्या आजीची नातच सांगू शकते.

मी तिच्या घरी जाऊन चूक कबूल केली. ती म्हणाली, “सर, यंदा शुद्ध लिहीन.” मी म्हटले, “लिही, पण आजीला गाळू नकोस.”

घरी करायचा अभ्यास :

१) मुलांनी आजीआजोबांना विचारावे : पाणी कुठून भरत होता? शाळेत कुठे बसत होता?

२) उत्तर त्यांच्याच शब्दांत दहा ओळींत लिहावे.

३) रविवारी वंदनेनंतर विहारात ते मोठ्याने वाचावे. चुका नंतर सुधारता येतील.

जय भीम!