पेंढ्यातला गॅस

मुलांनो, भिवंडीच्या आसपास भाताची झोडणी झाली, की पेंढ्याचे ढीग दिसतात. थोडा पेंढा गुरे खातात. उरलेला पुष्कळदा कुजून जातो. शेणापासून गोबर गॅस होतो, हे तुम्हांला माहीत आहे. मग पेंढ्यापासून का होऊ नये?

हा प्रश्न मला वर्गातल्या एका मुलीने विचारला. आम्ही एका डब्यात पेंढा, पाणी आणि थोडे शेण भरले. झाकणाला नळी लावून तिला फुगा बांधला. तीन आठवड्यांत फुगा जेमतेम लिंबाएवढा झाला. डबा उघडला, तर पेंढा जसा घातला होता तसाच वर तरंगत होता!

याचे कारण पेंढ्यातच आहे. त्यात सेल्युलोज असते. ते जिवाणूंचे अन्न आहे. पण त्याला लिग्निन नावाच्या टणक पदार्थाने वेढलेले असते. लाकूड कठीण असते तेही लिग्निनमुळेच. बंद टाकीत, हवेशिवाय, लिग्निन जवळजवळ कुजत नाही. भांड्यात खीर आहे, पण झाकण घट्ट बसले आहे!

हे झाकण सैल करतो चुना. होय, पानदानातला चुना! पेंढ्याचे बारीक तुकडे चुन्याच्या पाण्यात आठवडाभर भिजवले, की लिग्निनची पकड ढिली होते. कॉस्टिक सोडा हे काम लवकर करतो. पण त्यातले सोडियम जास्त झाले, तर जिवाणूंना बाधते आणि शेतजमीनही बिघडवते. म्हणून मला चुनाच पसंत आहे. अर्थात चुन्यानेही हात आणि डोळे भाजतात. हातमोजे घालून, मोठ्यांच्या देखरेखीखालीच हे काम करावे.

दुसऱ्या खेपेला आम्ही चुना वापरला, तर फुगा मुळीच फुगला नाही! चूक माझी होती. चुना फार झाला होता. लाल लिटमस झटकन निळा झाला. मिथेन तयार करणाऱ्या जिवाणूंना सामू सातच्या आसपास लागतो.

तिसऱ्या वेळी पेंढा नीट धुतला, मग शेण मिसळले. थोडा चुना राहिला तरी चालतो. टाकीतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याचा खडू बनतो. चुन्याच्या निवळीत फुंकर घातल्यावर ती दुधाळ होते ना, तसेच. शेजारी साध्या पेंढ्याचा डबाही ठेवला. शेण दोन्हींत सारखेच. या वेळी चुन्याच्या डब्यावरचा फुगा हापूस आंब्याएवढा झाला, साध्या पेंढ्याचा लिंबाएवढाच राहिला.

ती मुलगी आता विचारते, “सर, उसाच्या पाचटाचे काय?” पाचट कालच भिजत घातले आहे.