मेंदूस्तंभ मृत्यू आणि नातलगांशी संवाद

अपघातात डोक्यास जबर मार लागलेला रुग्ण अतिदक्षता विभागात असतो. छाती वरखाली होत असते, अंग उबदार असते, पडद्यावर हृदयाची रेषा धावत असते. अशा वेळी डॉक्टरांनी मृत्यूची वार्ता सांगितल्यास नातलगांचा विश्वास बसत नाही आणि त्यात त्यांचा दोषही नाही. श्वास थांबला की माणूस गेला, हीच पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख होय.

श्वासोच्छ्वासाचे नियंत्रण मेंदूस्तंभ करतो. तो कायमचा निकामी झाल्यावर श्वास पुन्हा आपोआप सुरू होत नाही. हृदयास मात्र स्वतःची लय असते. यंत्राने प्राणवायू पुरविल्यास ते काही काळ चालते. बिदरजवळील नौबादची भूमिगत जलवाहिनी, म्हणजे करेज, या भागातील लोकांस परिचित आहे. तिचा उगम आटला आणि हौदात टँकरने पाणी ओतले, तर तोटी वाहील; परंतु करेज वाहते असे कोणी म्हणणार नाही. बेशुद्धावस्थेची, म्हणजे कोमाची, गोष्ट वेगळी. तेथे उगम पूर्ण आटलेला नसतो व काही रुग्ण सुधारतातही.

मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम, १९९४ अन्वये हे निदान एकट्या डॉक्टरवर सोपविलेले नाही. चार डॉक्टरांचे मंडळ तपासणी करते व किमान सहा तासांनंतर ती पुन्हा करते. डोळ्याच्या बाहुलीवर प्रकाश टाकला जातो. शेवटी प्राणवायू चालू ठेवून यंत्र काही मिनिटे बाजूस करून रुग्ण स्वतः श्वास घेतो काय, हे पाहिले जाते.

मधले सहा तास संवादासाठी मोलाचे असतात. नातलगांना बाजूच्या खोलीत बसवून, त्यांना काय समजले आहे हे आधी विचारावे. ‘यंत्रावर जिवंत ठेवले आहे’ असे आज म्हणून उद्या ‘मृत्यू झाला’ म्हटल्यास संशय वाढणारच. हातपाय क्वचित हलू शकतात, ती मज्जारज्जूची क्रिया असते, हेही आधीच सांगावे. सीमाभागात कन्नड, मराठी, उर्दू, तेलुगू अशा भाषा घरोघरी आहेत. बातमी घरच्या भाषेतच द्यावी. कुटुंबातील शाळकरी मुलास दुभाषी करणे क्रूरपणाचे आहे.

अवयवदानाचा विषय त्याच दमात काढू नये. मृत्यू मनाने स्वीकारल्यावर प्रशिक्षित समन्वयकाने तो मांडावा. कर्नाटकात हे कार्य ‘जीवसार्थकते’ या राज्यस्तरीय संस्थेमार्फत चालते. संमती देण्याचा जसा अधिकार जवळच्या नातलगांस आहे, तसाच नकार देण्याचाही आहे. नकार मिळाल्यास सहीसाठी त्यांना पुन्हा पुन्हा बोलावू नये.