टेंडर गेलं? आता जिंकणाऱ्याची फाइल वाचा!



परवा सिरोंच्याहून एका दादाचा फोन आला. मिक्सर आणि सेंट्रिंगच्या प्लेटा कर्जावर घेतल्यात, हप्ता सुरू झालाय, आणि नालीच्या कामाचं तिसरं टेंडरही गेलं. म्हणाला, "सर, समोरच्याने काय भरलं तेच कळत नाही. आता बंद करू का?"

बंद करायच्या आधी बघून तर घ्या! महाटेंडर्स पोर्टलवर टेंडर भरायला डिजिटल सिग्नेचर लागते, पण बघायला लॉगिनसुद्धा लागत नाही. टेंडरचा आयडी टाकून स्थिती उघडा. किती जणांनी भरलं, तांत्रिक लिफाफ्यात कोण बाद झालं, आर्थिक लिफाफ्यात कोणाचा दर काय निघाला, हे खात्याने अपलोड केलं असेल तर तिथेच दिसतं. दादाने हे कधी उघडलंच नव्हतं. तीनपैकी दोन वेळा तो दरात हरला नव्हताच, पहिल्याच लिफाफ्यात बाद झाला होता.

पण जिंकणाऱ्याने अनुभवाचा दाखला कोणता जोडला? अंदाजपत्रकापेक्षा बराच कमी दर भरला, तर जादा सुरक्षा अनामत भरली का? हे पोर्टलवर मिळेलच असं नाही. त्यासाठी माहितीचा अधिकार कायदा, 2005.

इथे बरेच जण घाई करतात. निविदा प्रक्रिया चालू असताना अर्ज टाकला की कलम 8(1)(ड) दाखवून नकार येतो. व्यापारी गोपनीयता! कार्यादेश निघू द्या, मग मागा. झारखंड उच्च न्यायालयाने 2007 मध्ये नवीन कुमार सिन्हा प्रकरणात हेच म्हटलं: निविदेचा निर्णय झाल्यावर त्यातली कागदपत्रं या कलमाच्या आड ठेवता येत नाहीत. तो निकाल महाराष्ट्रातल्या कार्यालयावर थेट बंधनकारक नाही, पण अपिलात जरूर जोडा.

अर्ज छोटा ठेवा. आपल्या राज्याच्या नियमात एकच विषय आणि साधारण 150 शब्द अशी मर्यादा आहे. असं लिहा: "निविदा क्रमांक अमुक. तांत्रिक व आर्थिक लिफाफ्याचा तुलनात्मक तक्ता, पात्र ठरलेल्या निविदाधारकाचे अनुभव प्रमाणपत्र, मला अपात्र ठरवल्याची कारणे असलेली टिप्पणी आणि कार्यादेश यांच्या प्रती द्याव्यात." वर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. समोरच्याचा पॅन आणि बँक खातं मागू नका, उगाच नकाराला निमित्त मिळतं.

सिरोंच्याहून गडचिरोली म्हणजे जवळपास दोनशे किलोमीटर, तेही आलापल्लीचा रस्ता! त्यामुळे स्पीड पोस्टाने पाठवा, नाहीतर राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर ते कार्यालय आहे का बघा. उत्तर 30 दिवसांत यायला हवं. ज्याची कागदं मागितली त्यालाही नोटीस जाते, त्याला म्हणणं मांडायला 10 दिवस मिळतात, म्हणून अशा अर्जाला 40 दिवस लागू शकतात. त्याने "देऊ नका" म्हटलं तरी नकाराधिकार त्याच्याकडे नसतो, निर्णय माहिती अधिकाऱ्याचाच. नकार आला तर 30 दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांचा स्टॅम्प.

आणि हो, लिलावाची उघड पद्धत तुमच्या भागाला नवी नाही. पेसाखाली गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूपानासाठी स्वतः जाहिरात देऊन व्यापाऱ्यांकडून दर मागवतात. तिथे कोणी किती बोली लावली हे गावाला माहीत असतं. मग नालीच्या कामाचा दर विचारताना तुम्ही का लाजता?

कोणी म्हणेल, अर्ज टाकला तर साहेब नाराज होतील, पुढचं बिल अडेल. ही भीती खोटी नाही, लहान ठेकेदाराला ती असतेच. म्हणून अर्जात आरोप करू नका, तक्रारीचा सूर नको. फक्त कागद मागा.

दादाचा अर्ज सोमवारी पोस्टात पडला. बाद होण्याचं कारण मात्र पोर्टलवरच सापडलं: दोन्ही वेळा एकाच प्रमाणपत्राची मुदत संपलेली होती. ते नवीन काढायला तो आज तहसीलच्या गावी थांबलाय, चौथ्या टेंडरची शेवटची तारीख शुक्रवार आहे.