शपथ दिली, औषध कोण देणार?



राखेच्या बुधवारी कपाळी राख लागली की आपल्या धर्मग्रामातील काही पुरुष दारू सोडतात आणि ईस्टरला पुन्हा धरतात. ज्यांना चाळीस दिवस सोडता येते, त्यांच्याविषयी आज आम्हांला बोलायचे नाही. ज्यांना चार दिवसही सोडता येत नाही, त्यांच्याविषयी बोलू.

अशा माणसाला त्याची आई किंवा पत्नी आमच्याकडे घेऊन येते. "फादर, ह्याला क्रुसावर हात ठेवून शपथ घ्यायला लावा." अशा कितीतरी शपथा आम्ही धर्मगुरूंनी दिल्या आहेत. परंतु वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली, तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते, भ्रम होऊन नसलेली माणसे दिसू लागतात. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा झाली. ती बाधा नव्हे. दारू तुटल्याने मेंदूला बसलेला तो हिसका आहे, आणि उपचार न मिळाल्यास त्यात जीवही जातो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवस औषधे मिळाली, तर हाच काळ बहुधा सुखरूप पार पडतो. म्हणजे नुसती शपथ देऊन आम्हीही कोणाला धोक्यात घातले असेल. हे कबूल केले पाहिजे.

"त्याची करणी, भोगू दे त्याला," असेही ऐकू येते. ॲरिस्टॉटल म्हणतो, दगड फेकणे न फेकणे आपल्या हाती असते, पण सुटलेला दगड परत घेता येत नाही. वैद्याचे न ऐकून आजारी पडलेला माणूस नुसत्या इच्छेने बरा होत नाही. त्याला यातून दोष दाखवायचा होता (तो काही कनवाळू मास्तर नव्हता!). आम्हांला त्याच दृष्टान्तात दवाखान्याची गरज दिसते. पापासाठी कुमसार आहेच, पण कुमसाराने फिट थांबत नाही.

मग उपचार मिळतात कोणाला? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या देशव्यापी पाहणीनुसार, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार वा मदत मिळाली होती. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्यात 'कृपा' सुरू केली. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' उभारले. मोठे काम. परंतु रोजंदारीवरच्या माणसाने महिनाभर मजुरी बुडवून तिथवर जायचे कसे?

चांगल्या शोमरोनीने जखमा बांधल्या आणि मग त्या माणसाला उतारशाळेत नेले. वाटेवर उतारशाळाच नसती तर? नागरिकांना आरोग्यसेवा मिळावी म्हणून समाजाने साहाय्य केले पाहिजे, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ (परिच्छेद २२८८) सांगतो. कायदाही तेच म्हणतो. मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही येतात, आणि सरकारी सेवेतून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. जिल्ह्यात किमान सेवा नसेल, तर त्याच जिल्ह्यात अन्यत्र घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसावा, अशीही तरतूद आहे. हे किती कुटुंबांना ठाऊक आहे?

बाटली आडवी करण्यासाठी आपल्या भगिनी मतदानाला एकजुटीने उतरतात. त्यांचे कौतुकच आहे. मात्र दुकान बंद झाले म्हणून पिणारा बरा होत नाही. तो शेजारच्या गावी जातो, नाहीतर घरी थरथरत पडतो. त्यामागे पुष्कळदा उदासीचा आजार दडलेला असतो, त्यालाही डॉक्टर लागतो. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. घरच्यांनीही फोन करावा.

ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस मानसोपचारतज्ज्ञ यावा, दारू तुटण्याच्या काळासाठी काही खाटा व औषधे असावीत, असा ठराव येत्या ग्रामसभेत मांडायचा आहे. मसुदा धर्मग्राम कार्यालयात ठेवला आहे. मिस्सानंतर वाचून सही करावी. ज्यांच्या घरी हा प्रश्न नाही, त्यांनी आधी करावी, म्हणजे बाकीच्यांना संकोच वाटणार नाही.