धाकटी अजून बाळंतीण आहे

चि. चिऊस,


कऱ्हाडला धाकट्या जावेकडं जाऊ का आणि गेले तर बोलू काय, असं विचारलं आहेस. जा. रविवारची वाट बघू नकोस. बोलायचं फार नसतं, करायचं पुष्कळ असतं, आणि त्यातलं बरंचसं थोरल्या जावेलाच जमण्यासारखं आहे.

धाकटी बाळंतीण आहे, हे आधी ध्यानात घे. बाळ सहाव्या दिवशी गेलं म्हणून झालेलं बाळंतपण पुसलं जात नाही. टाके ओले आहेत, अंगावरून जातं आहे, कंबर धरली आहे. नवजात कक्षातल्या नोकरीत मी हे इतक्या घरांत बघितलं: बाळ गेलं की शेक बंद, मालिशवाली बंद, डिंकाचे लाडू फडताळात मागे. कुणी दुष्टपणानं करत नाही. बाळंतिणीचं कौतुक आता कोणत्या तोंडानं करायचं, असं वाटतं माणसांना. तू कर. लाडू घेऊन जा, अळिवाची खीर तिथंच कर, ती नाही म्हणाली तर वाटी शेजारी ठेवून ये. मालिशवालीला पुन्हा बोलावलंत तर तिला आधी दाराबाहेर गाठ आणि बजाव, हात चालू दे, तोंड नको.

दुधाबद्दल तिच्याशी कुणीही बोललेलं नसेल. वार पडली की शरीर दूध तयार करायला लागतं; प्यायला कुणी आहे की नाही, हे त्याला कळत नाही. ही तर पेटीतल्या बाळासाठी रात्री-अपरात्री उठून दूध काढून पाठवत होती, म्हणजे तिला चांगलं उतरलेलं असणार. आता छाती भरून ठणकत असेल. जुन्या बायका फडक्यानं आवळून बांधायला सांगतील, ते करू देऊ नकोस, त्यानं गाठी होतात. गार पट्ट्या ठेवायच्या, आधार देणारे कपडे घालायचे, अगदीच सोसवेना तर हलकं वाटेल इतकंच हातानं काढायचं, रिकामं करायला जायचं नाही. ताप आला किंवा लाल चट्टा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर. आटवायच्या गोळ्याही त्यांनाच विचारून. काही आया या दिवसांत दुग्धपेढीला दूध देतात. आपल्याकडं सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली पेढी सुरू केली, आशियातली पहिली. पण धाकटीनं स्वतः विषय काढला तरच हे सांग. दुःखातल्या बाईला दानधर्म सुचवणारी माणसं मला आवडत नाहीत.

तसंच कुणीतरी आनंदीबाई जोशींचं उदाहरण देईल. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांत गेला आणि त्यातून पुढं १८८६ची डॉक्टर घडली, हे खरंच आहे. पण ते बाळ काही कुणाला डॉक्टर करण्यासाठी जन्मलं नव्हतं. धाकटीच्या बाळाच्या जाण्यातून काही चांगलं निघायलाच हवं, असं नाही. तेव्हा ‘देवाची इच्छा’, ‘वय कुठं गेलंय, दुसरं होईल’, ‘लळा लागायच्या आत गेलं’, यातलं काहीही तुझ्या तोंडून येऊ नये. लळा सातव्या महिन्यापर्यंत पोटातच लागलेला होता.

त्यापेक्षा बाळाबद्दल विचार. बारसं व्हायचं होतं, तरी दोघांनी मनात काहीतरी नाव धरलेलं असेल. सांगितलं तर तुम्हीही त्याच नावानं बोला. फोनमधले फोटो कुणी ‘तिच्या भल्यासाठी’ पुसायला निघालं तर फोन काढून घे. हातातली पट्टी, दुपटी, टोपरं, काय ठेवायचं आणि काय नाही, ते ती ठरवेल, तेही सवडीनं. पाळणा परस्पर हलवू नका.

तुझ्या सासूबाईंचं मला माहीत आहे. ग्रहणात भाजी चिरली, आठ-आठ तास काउंटरला बसली, असं काही निघालं की तिथंच थांबव. इतक्या लवकर बाळंतपण का झालं, याचं कारण पुष्कळदा डॉक्टरांनाही सापडत नाही. स्वयंपाकघरात कुठून सापडणार? पण सासूबाईंवर तुटून पडू नकोस. त्यांचाही नातू गेला आहे, फक्त त्यांच्या पिढीला रडण्याआधी कुणाला तरी दोष द्यायची सवय आहे.

भाऊजींना विसरू नका. त्यांनी त्या जिवाला हातावर नेऊन पुरलं, बिल भरलं, आणि जो तो त्यांना ‘तिला सांभाळा’ एवढंच सांगतो. तुझ्या नवऱ्याला म्हणावं, त्यांना नुसतं फिरायला घेऊन जा. शेजारी चालताना पुरुष बोलतात. समोरासमोर बसवलं की गप्प होतात.

कागदांचं काम तू अंगावर घे. जन्माची आणि मृत्यूची, दोन्ही नोंदी एकवीस दिवसांच्या आत रुग्णालयाकडून गेल्या का, ते बघ. धाकटी टपाल खात्यातली, म्हणजे केंद्र सरकारची. २ सप्टेंबर २०२२च्या आदेशानं जन्मानंतर २८ दिवसांच्या आत बाळ गेलं तर साठ दिवसांची विशेष प्रसूती रजा मिळते. अर्ज तयार करून दे, तिनं फक्त सही करावी.

तुझ्या पिल्लाला न्यायचं का, हे फोनवर सरळ विचार. लपवलंस तर तिला जास्त लागेल. आणि ‘बाळ कुठंय’ असं त्यानं विचारलं तर ‘झोपलं’ म्हणू नकोस, मग मुलं झोपायला घाबरतात. बाळ फार लहान होतं, आजारी पडलं आणि मेलं, एवढं त्याला पुरतं.

महिन्याभरात भेटायला येणारे आटतील. खरी पंचाईत पुढंच आहे: डॉक्टरांनी बाळंतपणाची दिलेली मूळ तारीख. ती अजून अडीच महिन्यांवर आहे. तेव्हा कुणाच्या लक्षात नसेल, तू कॅलेंडरवर खूण करून ठेव. पुढं घरात कुणाचं डोहाळजेवण निघालं तर तिला बोलावणं जायलाच हवं. यायचं की नाही ते ती बघेल. ‘तिला वाईट वाटेल’ म्हणत वगळायचं आणि मनात ओटीचा अपशकुन धरायचा, हे ढोंग आपल्याकडं नको.

रडणं चालेल, कितीही. पण झोपच लागत नसेल, जेवण सुटलं असेल, जगून काय करू असं बोलायला लागली, तर तिला एकटीला ठेवू नका आणि डॉक्टरांकडं न्या. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रीही चालू असतो.

काही आठवड्यांनी त्या दोघांना बाळाच्या डॉक्टरांना पुन्हा भेटावंसं वाटेल. नेमकं काय झालं, आणखी काही करता आलं असतं का, पुढच्या खेपेला काय. तेव्हा प्रश्न कागदावर लिहून न्या, खोलीत गेल्यावर काही आठवत नाही. रुग्णालयाचे कागद तोवर मागून ठेव. त्यातलं कळलं नाही तर भाऊजींना म्हणावं, मला संध्याकाळी आठनंतर फोन करा, मी वाचून समजावून सांगते.

तुझी
मावशी