पंच नाही, मग फाउल कोण देतं?

प्रश्न : आमच्या सोसायटीजवळच्या मैदानावर मुलं-मुली एकत्र 'अल्टिमेट फ्रिसबी' खेळतात. याच्या जागतिक स्पर्धेतही पंच नसतो म्हणे! मग भांडणं कोण सोडवतं? (एक वाचक, खारघर)

उत्तर : ऐकलंत ते खरं आहे. २०२५च्या महिला क्रिकेट विश्वचषकाची अंतिम लढत नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली, तेव्हा मैदानात दोन पंच होते आणि तिसरा पडद्यासमोर. त्या मानाने हे अजबच वाटणार.

आधी खेळ पाहू. प्रत्येक संघात सात जण. मैदान १०० मीटर लांब, दोन्ही टोकांना १८-१८ मीटरचा पट्टा. समोरच्या पट्ट्यात आपल्या माणसाने तबकडी झेलली की गुण. तबकडी हातात घेऊन पळता येत नाही. समोरचा मोठ्याने दहापर्यंत मोजतो, तेवढ्यात ती फेकली नाही तर ती त्यांची.

आता समजा, झेल घेताना कोपर लागलं आणि तबकडी पडली. ज्याला लागलं तोच 'फाउल' ओरडतो, खेळ जागीच थांबतो. समोरच्याने कबूल केलं तर तबकडी याला मिळते. नाही केलं, तर दोघं थोडक्यात बोलतात. तरीही जुळलं नाही तर तबकडी फेकणाऱ्याकडे परत जाते. खरी मेख इथंच आहे. वाद घालून फार तर तोच डाव पुन्हा मिळतो, त्यामुळे खोटं बोलण्यात फारसा फायदा उरत नाही.

'म्हणजे हे सगळे संतच!' असं समजू नका, वाद होतातच. पण सामन्यानंतर दोन्ही संघ एकमेकांना खिलाडूवृत्तीचे गुण देतात : नियमांची जाण, अंगाला अंग न लावणं, न्यायबुद्धी, संयम आणि संवाद, प्रत्येकी ४, एकूण २०. या गुणांनी निकाल बदलतो, हा मात्र गैरसमज. त्यांचं बक्षीस वेगळं असतं.

पंचाविना खेळ म्हणजे पोरखेळ, असंही नाही. १९८५ साली स्थापन झालेल्या जागतिक महासंघाला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१५ मध्ये पूर्ण मान्यता दिली. २०१६च्या लंडनमधल्या जागतिक स्पर्धेत भारताचा मिश्र संघही खेळला. मोठ्या स्पर्धांत काही वेळा सल्लागार असतात. ते मत देतात, निर्णय खेळाडूंचाच. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये मात्र पंच आहेत.

तेव्हा त्या मुलांत जाऊन खेळायचं असेल तर आधी नियम नीट वाचा. तिथं तुमचा फाउल तुम्हालाच मागावा लागेल.