शब्दांची रांग

मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत. ते सुचतील तसे छापले असते, तर एका शब्दासाठी सगळी पाने चाळावी लागली असती. पण ते अकारविल्हे, म्हणजे वर्णमालेच्या क्रमाने लावले आहेत. त्यामुळे जास्तीत जास्त १६ शब्द तपासले की हवा तो शब्द सापडतो!

हे कसे घडते? कोश बरोबर मध्यावर उघडा. तिथला शब्द तुमच्या शब्दाच्या आधीचा की नंतरचा, एवढेच पाहा. एका फटक्यात अर्धा कोश बाद होतो. उरलेल्या भागाचा पुन्हा मध्य घ्या. दर खेपेला शब्द निम्मे होतात. १६ वेळा २ चा गुणाकार केला की ६५,५३६ येतात. म्हणून ६०,००० शब्दांना १६ खेपा पुरतात.

मात्र त्यासाठी वर्णांचा क्रम पक्का ठाऊक हवा. आपल्या वर्णमालेत तो उच्चारावरून ठरला आहे. क, च, ट, त, प असे सावकाश म्हणा. आवाज अडवण्याची जागा घशाकडून टाळू, दात असे करत ओठांपर्यंत पुढे येते. आता ओठांसमोर कागदाची पातळ पट्टी धरून ट आणि ठ म्हणा. ठ म्हणताना पट्टी जास्त हलते, कारण श्वास जोराने बाहेर पडतो. प्रत्येक वर्गातले दुसरे अक्षर असेच आहे. रोमन लिपीतल्या ए, बी, सी या क्रमात अशी उच्चाराची संगती नाही.

आता शब्द लावू या. नियम तीन आहेत :

१. आधी पहिले अक्षर पाहा. ते सारखे असेल तर दुसरे, तेही सारखे असेल तर तिसरे.

२. एकाच व्यंजनात बाराखडीचा क्रम धरा : क, का, कि, की... क् ने सुरू होणारी जोडाक्षरे त्यानंतर.

३. एक शब्द दुसऱ्याच्या सुरुवातीला जसाच्या तसा येत असेल, तर लहान शब्द आधी. 'कान' आधी, 'कानस' नंतर.

या नियमांनी एक रांग अशी होते : कणीस, कमळ, कवच, कळ, कान, कानस, किल्ला, क्रम.

'कवच' आधी आणि 'कळ' नंतर का? कारण मराठी वर्णमालेत ळ हा ह च्याही नंतर येतो. इथे संगणकही फसू शकतो. युनिकोड या संकेतप्रणालीत ळ चा क्रमांक ल च्या लगेच पुढे आणि व च्या आधी आहे. निव्वळ त्या क्रमांकांवर विसंबणारा संगणक 'कळ' आधी ठेवील. त्याला मराठीचा क्रम वेगळा शिकवावा लागतो. अनुस्वार, क्ष आणि ज्ञ यांच्या जागा मात्र कोशाकोशांत वेगळ्या असतात. म्हणून कोशाच्या सुरुवातीच्या सूचना आधी वाचाव्यात.

रांगेतली चूक छोटी दिसते, पण महागात पडते. ग्रंथालयातले कार्ड चुकीच्या जागी गेले, तर पुस्तक कपाटात असूनही वाचकाला ते सापडत नाही.

करून पाहा : १५ कार्डांवर १५ शब्द लिहा आणि ती क्रमाने लावून पालथी ठेवा. मित्राला त्यांतला कोणताही एक शब्द सांगू द्या. प्रत्येक वेळी मधले कार्ड उलटा. चौथ्या कार्डापर्यंत शब्द सापडलाच पाहिजे. न सापडल्यास रांग तपासा. कुठेतरी क्रम चुकलेला असेल.

आता हे शब्द लावा : तारा, तळे, त्रास, तवा, तीळ, तट, ताक.

(उत्तर : तट, तवा, तळे, ताक, तारा, तीळ, त्रास.)